मातीच्या जर्नल्सना प्रकाशक पाहिजे

३ जानेवारी, सकाळी ९
जुन्या प्रकाशकाचं पत्र. एप्रिलपासून आमच्या मृदाशास्त्र संस्थेची दोन्ही जर्नल्स काढणार नाही म्हणे. बरं झालं, पीडा गेली. मानद सचिव आणि संपादक या नात्याने सगळं मी एकट्याने अंगावर घेतलं. महिन्याभरात प्रकाशकांची रांग लागेल. ऑफिसातल्या बाईंना तसं सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, टोकनं छापू का? चांगली सूचना.

५ जानेवारी
प्रकाशकांना पाठवायचं पत्र लिहायला घेतलं. गैरसमज नकोत म्हणून पृथ्वीच्या उत्पत्तीपासून सुरुवात. हिला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर दूध उतू जाईल म्हणून उठली. दूध फ्रीजमध्ये होतं.

१२ जानेवारी
पत्र रवाना. चाळीस पानं, चोवीस अटी. आता निवांत.

१ फेब्रुवारी
एकही उत्तर नाही. अभ्यास करत असणार. बाई म्हणाल्या, अर्ध्या पानाचं पत्र पाठवून बघू या का? हसलो. मातीचा विषय, अर्ध्या पानात!

१९ फेब्रुवारी, दुपारी ४
एक प्रकाशक स्वतः आले. शाळेची वर्कबुकं काढतात. वाचक किती, असं विचारलं. म्हटलं, मातीवर चालणारा प्रत्येक जण. त्यांनी विचारलं, त्यातले वर्गणीदार किती? मी चहा मागवला. चहा यायच्या आत ते गेले. छाप पडली असावी.

६ मार्च
एका संशोधक मुलीचा फोन. खारवट जमिनीवरचा तिचा लेख दोन वर्षं माझ्याकडे आहे. या अंकात आला नाही तर तिची नेमणूक हातची जाईल. लेख विचाराधीन आहे, असं ठामपणे सांगितलं. मग शोधला. टेबल डुगडुगायचं म्हणून पायाखाली घातला होता तोच. म्हणजे पडून नव्हता.
झटकून बाईंकडे दिला. आता टेबलावर लिहिता येत नाही.

२० मार्च
कार्यकारिणीची सभा. बाईंनी ते अर्ध्या पानाचं पत्र अध्यक्षांच्या सहीने परस्पर धाडलं होतं. तीन प्रकाशक तयार! माझ्या पत्राने जमीन तयार झाली होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यातल्या सगळ्यात चांगल्या प्रकाशकाची एकच अट: संपादक नवा हवा. कुणाचा विरोध आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. मी हात वर केला. ते म्हणाले, पंखा वाढवा रे जरा.
ठराव एकमताने मंजूर. इतिवृत्त मीच लिहिलं.

२१ मार्च
मला सल्लागार केलंय. हे पद संपादकाच्या वरचं. हिने विचारलं, सल्ला कोण मागणार? दिवसभर फोनजवळ बसलो.

२ मे
नवा अंक आला. पहिलाच लेख त्या मुलीचा. चुका काढायला पेन्सिल घेऊन बसलो. शेवटच्या पानापर्यंत पेन्सिल टेकवली नाही. फार चांगला लेख आहे. दोन वर्षांपूर्वी वाचायला हवा होता.
तिची नेमणूक झाल्याचं बाईंकडून कळलं. मला कुणी कळवलं नव्हतं.
संपादकांना सविस्तर पत्र लिहिलं. सोळा पानं.

९ मे
नव्या संपादकांचं नम्र उत्तर. वाचकांची पत्रं शंभर शब्दांच्या आत हवीत. माझं पहिलं वाक्यच एकशे बारा शब्दांचं. ते तोडणं अशक्य. हिच्यापुढे टाकलं. तिने खोडून खोडून चार शब्द ठेवले: अंक मिळाला. छान आहे.
पुढच्या अंकात छापतायत.