नळीवरची लोकर

प्रिय ताई,

तू सुखरूप पोचलीस हे कळलं. खोकला गेला का? इथं सगळं ठीक आहे. बाबांची खोली आवरली. चष्मे तीन निघाले, तिन्ही एकाच काडीचे. संग्रहालयातलं माझं काम तेच, वाळलेली झाडं कागदावर चिकटवायची, चिठ्ठी लावायची, कपाटात ठेवायची. बोटांना डिंकाचा वास बसलाय, तो आता माझ्याबरोबरच जाईल.

काल तुझा निवडुंग बाहेर काढला. तोच, तुझा मूळ नमुना, ज्याच्यावर तुझी अख्खी प्रजाती उभी आहे. खोडाची एक चकती, पांढऱ्या काट्यांचे दोन झुबके आणि एक फूल. फुलाची नळी गुळगुळीत, औषधाला केस नाही. बाबांना तू किती सोपं करून सांगितलं होतंस! ‘बाबा, प्रजाती म्हणजे घर, आणि जाती म्हणजे घरातली माणसं. असे पांढरे काटे असलेल्या डोंगरी निवडुंगांच्या फुलाला नळीवर लोकर असतेच. याला नाही. म्हणजे हा त्या घरातला नाहीच, याला वेगळं घर बांधायला हवं.’ आणि त्या घराला तू बाबांचं नाव दिलंस. जन्मभर काचघरात सरकारी कुंड्यांना पाणी घातलेला माळी, आणि त्याचं आडनाव जगभरच्या पुस्तकांत! ते छापील पान त्यांनी चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावलं. येईल त्याला दाखवायचे. त्या नादात पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायची राहून जायची.

पण आपण निवडुंग शोधायला गेलो त्या परदेशातल्या डोंगरावर तू तंबूत डोकं धरून पडली होतीस. विरळ हवा तुला सोसली नाही. कमरेला दोर बांधून कड्यावरून उतरले मी, आणि तो निवडुंग पहिल्यांदा पाहिला मी. वर येऊन सांगितलं तशी तू मला मिठी मारलीस. म्हणालीस, ‘बारके, आपल्या दोघींची नावं लागणार!’ दुसऱ्या दिवशी पेन्सिल शोधता शोधता तुझी वही हाती आली. शोधणारी म्हणून तुझं नाव. त्याखाली, ‘सोबत एक मदतनीस.’ सख्खी बहीण, आणि नावसुद्धा नाही गं. मी वही होती तशी ठेवली. तेवढ्यात तूच हाक मारलीस, ‘जा ना, फूल घेऊन ये. उद्या खाली उतरायचंय.’ मी पुन्हा उतरले. त्याच्या कळ्या घट्ट मिटलेल्या, उमलायला आठवडा तरी लागला असता. दोन हातांवर दुसरा एक निवडुंग फुललेला होता, खालच्या उतारावर पैशाला पासरी असतो तो. त्याचं फूल खुडलं आणि तुझ्या हातावर ठेवलं.

संध्याकाळपर्यंत तुझी फजिती बघून खरं सांगणार होते, शपथेवर. पण तू भिंग लावलंस आणि आनंदानं ओरडलीस. डोकेदुखी कुठल्या कुठे पळाली. ‘खालच्या त्या साध्या निवडुंगाशी याचं जवळचं नातं दिसतंय,’ असंही म्हणालीस, तेव्हा हसू दाबताना मला ठसका लागला आणि तू पाठ चोळलीस. मग मी गप्प बसले. पहिलं वर्ष भीतीनं, पुढची सगळी वर्षं मजेनं. तो कडा पुढच्याच पावसाळ्यात ढासळला, पुन्हा जाऊन बघायची सोय राहिली नाही. तुझी पदवी, तुझं पद, तुझं जाडजूड पुस्तक, सगळं मी खुडलेल्या एका फुलावर. कार्यक्रमात तू बोलायला उभी राहायचीस आणि मी पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायचे.

एक गोष्ट मात्र दोघींच्याही लक्षात राहिली नाही. कड्यावरच्या त्या खऱ्या झाडाचं, खोडाबरोबर मी वर आणलेलं एक सुकलेलं फळ तू बाबांना दिलं होतंस. त्यांनी बी पेरलं. बावीस वर्षांत त्याचा जेमतेम मुठीएवढा गोळा झाला. निवृत्तीनंतरही ते रोज काचघरात जायचे ते त्याच्यासाठीच. चार-पाच महिन्यांपूर्वी त्याला पहिलं फूल आलं. बाबा कुंडी छातीशी धरून घरी आले, टेबलावर ठेवली आणि फुलाच्या नळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘बारके, नळीवर लोकर आहे गं.’ आणि अगदी हळू, ‘माझ्या हातून भलतंच बी पेरलं गेलं का?’

परवा फोनवर तू माझ्यावर ओरडलीस. शेवटचे चार महिने बाबा तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, म्हणे मीच फोन देत नव्हते, ‘झोपलेत’ म्हणून थापा मारत होते. हा आळ मात्र मी घेणार नाही. फोन मी दर वेळी त्यांच्या कानापाशी नेला. तेच मान फिरवायचे. कारण त्या दिवशी टेबलापाशी मी त्यांना सांगितलं, ‘बी बरोबर आहे, बाबा. ताईनं दुसऱ्या झाडाचं फूल लावलं. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.’ मला हे कसं कळलं, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. उठले, चौकट उतरवली आणि कपाटामागे सरकवली. मग मला म्हणाले, ‘ये, बस माझ्याजवळ.’ आयुष्यात पहिल्यांदा. तुला लबाड समजूनच ते गेले, ताई, आणि ते चार महिने मी कोणालाही परत देणार नाही. पण खरं काय ते तुला माहीत असावं, म्हणून लिहिलं. हे पत्र हवं तर चारचौघांत वाचून दाखव. फक्त, मी खोटं बोलले हे सिद्ध करायला आधी तुला सांगावं लागेल की तुझी प्रजाती कधी नव्हतीच.

तुझीच,
बारकी