विहिरीतल्या काळ्याचा आवाज

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून डायरी. कलाकारानं नोंद ठेवावी. परतूरमधी रिक्षाला भोंगा बांधून अनाउन्समेंट करणारे आम्ही तिघं. संभाजीनगरच्या स्टुडिओनं बोलावलं फक्त मला. लहान मुलांचा कार्टून पिक्चर मराठीत करून राह्यलेत. माझं काम: विहिरीतला काळ्या. राक्षस. रिक्षा चालवणाऱ्या अजमतभाईनं विचारलं, मेन रोल का. हो म्हणलो.
सात वाजता रेणूला फोनवर रोजची गोष्ट सांगितली, मंग ही बातमी. पोरगी सात वर्षांची आहे, तिला कौतुक. बायको, दैवशाला, तिला घेऊन दीड वर्षापासून जालन्याला माहेरी राहती. तात्पुरतं.

९ फेब्रुवारी, रविवार
रेकॉर्डिंग झालं. काळ्या झोपडीच्या दारावर थापा मारतो, आत लहान पोरगी. कागदावर तीनच शब्द: दार उघड, पोरी. फारच मिळमिळीत. मी मनानं वाढवलं. रेकॉर्डिंगवाल्या सबिहा मॅडम हेडफोन काढून बघतच राह्यल्या. कुठून आणलं म्हणल्या. उपजत आहे, मी म्हणलो.
दैवशालाला हा आवाज कधी झेपला न्हाई. माझा आवाज मोठा आहे, स्वभाव न्हाई. तिनं दोन्ही एकच धरलं.

१३ एप्रिल, रविवार
जालन्यात दुपारचा शो. दैवशाला येते म्हणली, हेच मोठं. रेणू मधी, आम्ही दोघं दोन बाजूंना. लोकांना वाटलं असंल, काय कुटुंब आहे. दैवशालाला परत घरी नेण्याचा विषय इंटरवलला काढायचा, असं ठरवलं होतं.
इंटरवलच्या आधीच काळ्या आला. सगळं थिएटर किंचाळलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.
रेणू किंचाळली न्हाई. सीटवरून खाली सरकली, आईचं मनगट धरलं आन् हळूच म्हणली, "मम्मी, कडी लाव. पप्पा आले."
मी शेजारीच बसलेलो होतो.
दैवशाला तिला उचलून बाहेर गेली. मी मागं गेलो तवर त्यांची रिक्षा निघून गेल्ती.
एसी फार होता. लहान मुलांना सोसत न्हाई.

१५ एप्रिल
सात वाजता फोन. रेणू झोपली म्हणे.

१६ एप्रिल
फोन. होमवर्क म्हणे. अभ्यासाची गोडी माझ्याकडूनच.

१७ एप्रिल
सासऱ्यांनी उचलला. आजची गोष्ट त्यांनाच सांगितली. अर्ध्यात ते उठून गेले, फोन तसाच चालू. मी पुरी केली.

२१ एप्रिल, सोमवार
कारण सापडलं. चूक पिक्चरवाल्यांची. मुलांच्या पिक्चरमधी असलं भयाण कशाला? एकात आई मरती, एकात बाप हरवतो, एकात जंगल पेटतं. लेकरांना हसवायचं सोडून रडवतात. स्टुडिओला दोन पानी तक्रार लिहिली. दाराचा सीन बिलकुल कापा. एक बाप या नात्यानं लिहितो, असं शेवटी टाकलं. पत्र फार जोरदार झालं.

२५ एप्रिल, शुक्रवार
सबिहा मॅडमचा फोन. नम्र बाई. म्हणल्या, मूळ कागद माझ्यासमोर आहे, त्यात तीन शब्द आहेत. 'तीन मोजीन, न्हाई उघडलं तर दारासकट तोडीन, सांग तुझ्या आईला', एवढं सगळं तुमचं आहे. मंग विचारलं, "भाऊ, हे तुम्ही खरंच कोणाला म्हणला होता?"
रेंज न्हाई म्हणून कट केला. रेंज होती.
एकदाच म्हणलो होतो. फार तर चारदा. आन् दार मी तोडलेलं न्हाई. कडीच कच्ची होती.

२८ एप्रिल, सोमवार
संकल्प: आवाज लहान करणे. सकाळी कोमट पाणी, दिवसभर हळू बोलणे.
कूलरच्या सेलची अनाउन्समेंट हळू आवाजात केली. अजमतभाईनं गाडी थांबवली. म्हणले, राजानंदभाई, सेल लागलाय का कोणी मेलंय. मंग मला सगळं सांगावं लागलं. त्यांनी भोंगा बंद केला. म्हणले, त्यांची पोरगी कशफ लहान होती तवा त्यांचाही आवाज असाच चढायचा. एक दिवस ती पलंगाखाली सापडली. "आवाज बारीक करून काय होतंय? जाऊन माफी मांगा."
कशाची, ते विचारायचं राह्यलं.

१० मे, शनिवार
जालना एमआयडीसी. दैवशाला बियाणं निवडायच्या कामाला जाती. शिफ्ट सुटायच्या आधीच गेटवर उभा राह्यलो. माफीचं वाक्य पाठ करून गेल्तो, हळू आवाजात. ती डबा घेऊन बाहेर आली. सोबतच्या बायका पुढं जाऊन थांबल्या, तिच्यासाठी.
पाठ केलेलं वाक्य आलंच न्हाई. दुसरंच निघालं. म्हणलो, त्या पिक्चरचा मी बंदोबस्त करतो, रेणूला भीती वाटायला नको.
ती म्हणली, "बंदबिंद काही करू नका. ती रोज मोबाइलवर बघती."
मला इतका आनंद झाला. म्हणलो, बघ, भीती गेली तिची. शेवटी बापाचा आवाज आहे, ओढ असतीच.
ती माझ्याकडं बघत राह्यली. रागानं न्हाई. राग असता तर मला बोलता आलं असतं.
"शेवट बघितला का तुम्ही?"
बघितला नव्हता. माझं काम त्याच्या आधीच संपलं होतं.
"शेवटी तो निघून जातो. परत येत न्हाई. ती पुढं सरकवून तेवढंच लावती. मंग झोप लागती तिला."
मी म्हणलो, बराबर. बायकांनी तिला हाक मारली. ती टेंपोत बसून गेली.

११ मे, रविवार
सकाळी अजमतभाई रिक्षा घेऊन आल्ते. घसा बसलाय म्हणून खुणेनंच सांगितलं. ते गेले.
घसा ठणठणीत आहे.