यजमानाचा रकाना

४ सप्टेंबर
पोहोचले एकदाची! दोन वर्षांची पोस्टडॉक फेलोशिप, तिसऱ्या मजल्यावर खोली, खिडकीसमोर प्रयोगशाळा. नवऱ्याला फोनवर कोपरा न् कोपरा दाखवला. तो आणि आमची चार वर्षांची ठमी नोव्हेंबरात यायचे आहेत. तिच्या खाटेची जागा मी आजच मोजून ठेवली. प्राध्यापकबाई फार अगत्याच्या. मी जंतांवर पीएचडी केलेली बाई. सासरी माझा विषय निघाला की सगळे ताटं बाजूला सारतात. इथे मात्र त्यांनी जेवतानाच तो काढला, आणि मीही पोटभर बोलून घेतलं.

६ सप्टेंबर
आज कार्यालयात फॉर्म भरले. ‘यजमान’ या रकान्यात मी प्राध्यापकबाईंचं नाव लिहिलं, तर कारकूनबाईंनी ते खोडलं आणि तिथे माझंच नाव घालायला लावलं. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, बायकोचा यजमान म्हणजे मी, माझं नाव घालायचं होतंस. खूप हसलो. पुढच्या पानावर कुटुंबातल्या प्रत्येकाचं वजन विचारलं होतं. ठमी नीट जेवते का, हेही. किती काळजी घेतात.

१० सप्टेंबर
या प्रयोगशाळेचा मोठा अभिमान म्हणजे पट्टकृमींचं एक वाण, एकोणीस वर्षं न तुटता जिवंत ठेवलेलं. बरण्यांत मात्र सगळे मेलेलेच. हे जंत जगतात ते प्राण्यांच्या पोटात; पण प्राणी ठेवायची खोली शोधली, तर सापडली नाही. जाणारा फेलो इतका वाळलेला की मी मनात त्याचं नाव काडी ठेवलं आहे. इथली रीत अशी की जाणाऱ्याने येणाऱ्याला स्वतः रांधून वाढायचं. मांस आतून कच्चं होतं. मी घास चावत असताना बाकीचे हात थांबवून बघत होते. भिडेखातर ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. शेवटचा घास गिळला तेव्हा काडी ओक्साबोक्शी रडला. मला वाटलं, इथून जायचं दुःख असेल.

८ ऑक्टोबर
वखवखल्यासारखी खाते आहे आणि वजन मात्र सहा किलोंनी उतरलं आहे. आज संडासात भातासारखी पांढरी शितं दिसली. ती हलत होती. पट्टकृमीचे हेच तुकडे मी विद्यार्थ्यांना काचेखाली शंभरदा दाखवले आहेत, तेव्हा कधी नाक मुरडलं नाही. आज भडाभडा ओकले. स्वतःच्याच पोटाची अशी शिसारी येईल असं वाटलं नव्हतं.

धावत जाऊन प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला विचारलं, ते वाण ठेवता कुठे? त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं, पोटुशीकडे बघावं तितक्या मायेने.

आमच्या शास्त्रात जंत ज्याच्या आतड्यात राहतो, त्याला यजमान म्हणतात. हे मी स्वतः वर्गात शिकवलं आहे. फॉर्म बरोबरच भरून घेतला होता.

११ ऑक्टोबर
घाबरायचं कारण नाही. दोन गोळ्यांचं काम. औषधाच्या दुकानात गेले आणि पाव घेऊन परत आले. पुन्हा गेले. पुन्हा पाव. तिसऱ्यांदा गोळ्या घेतल्या, मुठीत घट्ट धरल्या. रस्त्यात गटारापाशी मूठ उघडली. मी उघडली नाही. तरी उघडली.

विमानतळावर जायला दोनदा निघाले. दोन्ही वेळा भानावर आले तेव्हा खाणावळीत होते.

१९ ऑक्टोबर
दात घासताना घशात गुदगुल्या. बोटं घालून ओढलं — परकराच्या नाडीसारखं, कोमट, बुळबुळीत, संपेचना. मग त्यानेच आत ओढलं. मी गिळलं. शी — चव आवडली. मला चव आवडली.

२५ ऑक्टोबर
प्राध्यापकबाईंनी पोटाला टेप लावली. खूश झाल्या. ठमीचा फोटो मागितला. म्हणाल्या, “लहान पोरांचं आतडं नवं असतं. तिथे हे आरामात साठ वर्षं काढेल.”

त्यांच्या तोंडावर ओकावंसं वाटलं. मान डोलावली.

२७ ऑक्टोबर
नवरा विचारत होता, तिकिटं काढू का. नाही म्हणायला तोंड उघडलं — आवाज माझाच — म्हणाले, आठवडाभर आधीच या. ठमीला वाटेत काही देऊ नकोस, इथे मी माझ्या हाताने भरवेन. तो किती आनंदला. फोन ठेवून गालात मारून घेतलं —

३० ऑक्टोबर
बोलणं माझ्या हातात नाही. लिहिणं अजून आहे. इथे लिहिते, फोटो काढून त्याला पाठवते. लवकर —

येऊ नका. लिहिलं. जमलं.

ठमीला आणू नका. माझ्या हातचं तिला काही खाऊ — भूक — देऊ नको —

ठमीला आणा. नाही. खोड ते. ठमीला आणू न —

आण — उपाशी आण —

नको, अगं ठमे, तू येऊ न —