सिलेशियाचे विणकर सक्करदऱ्यात

११ ऑगस्ट १९७४, रविवार

ठरलं! आमच्या सक्करदऱ्याच्या विणकर युनियनचा अभ्यासवर्ग २५ तारखेला मी घेणार. विषय – समाजवादी विचाराची वाटचाल. आजवर हा वर्ग कॉलेजातल्या प्राध्यापकांनीच घेतला. सेक्रेटरी गोपाळराव म्हणाले, "जागेश्वर, चौथी पास विणकर बोलला तं लोकांले वाटंल, हे आपल्यालेही समजते." चौथी पास! अकरा वर्षं डिक्शनरी पुढे ठेवून इंग्रजी शिकलो, ते नाही दिसलं. पण हो म्हणालो. जमलं तर दर रविवारचा वर्ग माझ्याकडे.

१४ ऑगस्ट, बुधवार

मागावर बसूनच पाठ करतो. धोटा या कडेहून त्या कडेला फेकला की एक सन, पायाखालची पावडी दाबली की पुढचं नाव. १८३१ – लिओंच्या रेशीम विणकरांचा उठाव. १८४४ – सिलेशियाचे विणकर. १८४८ – अर्धा युरोप रस्त्यावर. आधी स्वप्नाळू समाजवादी, मग मार्क्स, मग रशिया, मग बर्लिनमध्ये मारली गेलेली क्रांतिकारक रोझा. क्रम चुकला की विचारच चुकतो.

चंद्रकला शेजारी धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत होती. एकदम म्हणाली, "त्या मार्क्सचे लेकरं किती गेले म्हणता?"

"चार. पण ते विषयात येत नाही."

"काहून नाही येत? त्याइले माय नव्हती का?"

बायकोचं डोकं! हसलो आणि पुढचा धोटा फेकला.

२५ ऑगस्ट, रविवार

लिहवत नाही.

चाळीस माणसं. इस्त्रीचा सदरा. उभा राहिलो, १८३१ म्हणालो – आणि पुढचं सन येईना! पाय खाली पावडी शोधत होते. हात रिकामे. इतके दिवस मी पाठ केलं ते डोक्यात नव्हतंच, मागावर होतं. मागून कोणी ओरडलं, "अरे, याचा माग आणा गा कोणी!" सगळे हसले. गोपाळराव हसले नाहीत. तेच जास्त लागलं.

चंद्रकलेनं ताट वाढलं आणि मी जेवेपर्यंत बाजूला बसून राहिली.

२७ ऑगस्ट, मंगळवार

गोपाळरावांना निरोप पाठवला – प्राध्यापकांनाच बोलवा.

३० ऑगस्ट, शुक्रवार

सूत आणायला गेलो होतो. परत आलो तर दारात चपलाच चपला. वस्तीतल्या सात-आठ बायका आपापलं काम घेऊन बसलेल्या, मधे चंद्रकला चरखा फिरवत सांगत होती. मी बाहेरच थांबलो.

"...चव्वेचाळीसमधी ते विणकर उठले. कापड घेनारा शेठ दरसाली भाव पाडे."

"आपल्या इकडच्यावानीच वं!" मनकर्णा.

"तं आधीचे शहाणे म्हनत, शेठ चांगला झाला की सारं बरं होईन. मार्क्स म्हने, शेठची वाट कायले पाहता? ज्याचे हात चालून राहिले, तोच हे बदलवन."

तुळसाबाईनं विचारलं, "तुले कोनं शिकवलं वं हे सारं?"

"हे दिवसभर बडबडतात ना मागावर. कान कुठं ठेवू?"

खूप हसल्या. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पन ऐका. त्याच्या बायकोनं चार लेकरं मातीत देल्ले. तरी त्याचं गिचमिड लिहिलेलं साफ अक्षरात उतरवून देत जाये." तुळसाबाईचा चरखा थांबला.

पंधरा मिनिटं मी उन्हात उभा होतो. क्रम कुठेच चुकला नाही. मला कधी सुचली नसती अशी गोष्ट करून ती सांगत होती.

३१ ऑगस्ट, शनिवार

गोपाळरावांना जाऊन सांगून आलो – उद्या चंद्रकला बोलेल. घरी कळल्यावर भडकली. "अवो, लोक हसतीन!"

"माझ्यावर हसून झालं त्यांचं."

"एखादं सन चुकलं तं?"

"मी समोरच बसतो ना. लगेच सांगीन."

"मंग तं बिलकूल नाही!"

शेवटी मी शेवटच्या रांगेत बसायचं, या अटीवर तयार झाली.

१ सप्टेंबर, रविवार

वर्गाला पहिल्यांदाच बायका आल्या – सोळा. कोणी हसलं नाही. पुढचे सगळे रविवार गोपाळरावांनी तिच्या नावावर लिहिले. बोलताना रशियाची क्रांती तिनं दोन वर्षं आधीच, १९१५ सालीच करून टाकली. मी हात वर केला नाही.