दम संपला तर

चिमणे,

उद्या आपल्या संगीत नाटकाचा प्रयोग आहे. तुझी भूमिका नवी मुलगी करतेय. दोन मैत्रिणींचं ते लांबलचक गाणं तिला पाठ आहे, पण तालमीत माझा हात धरून तिनं विचारलं, "ताई, मध्येच दम संपला तर?"

दम संपला की बोट दाबायचं, मग दुसरीनं ओळ उचलायची, हे तुझंच. "भोंगे, मैत्री म्हणजे आणखी काय गं?" म्हणायचीस.

दवाखान्यात तू माझं बोट दाबलंस. मी ओळ उचलली, हळू आवाजात शेवटपर्यंत गायले आणि तुझं बोट दाबलं. तू उचलली नाहीस. नर्सनं माझा हात सोडवला.

मुलीला म्हटलं, "बोट दाब, मी आहे."

माझा दम संपला तर काय, हे तिनं विचारलं नाही.

तुझीच,
भोंगी