जाळरेषेच्या दिवशीची चूल

आई, आज सकाळी तुझ्या नातीनं डोंगर पेटवला. तोच, कात्रजचा, आपल्या क्वार्टरच्या मागचा. क्वार्टर केव्हाच पाडलं, तिथे आता आमची सोसायटी आहे. आणि वनखात्यातलं बाबांचं काम तिच्याकडे आलं आहे. उन्हाळ्यात वणवा लागला तर तो खाली घरांपर्यंत उतरू नये, म्हणून थंडी सरताना वाळक्या गवताचा एक पट्टा आपणच मुद्दाम जाळून ठेवायचा. बाबा त्याला जाळरेषा म्हणायचे, तीही तेच म्हणते. गवतावर थोडं दव असताना, वारा पडलेला असताना. निघताना मी विचारलं, "आणि वारा फिरला तर?" "तर पळू, आई," म्हणाली आणि हसली. मला काही हसू आलं नाही.

बाबा जाळरेषेला गेले की तू चूल पेटवायची नाहीस. स्टोव्हसुद्धा नाही. कोळशाची इस्त्रीही बंद, त्यामुळे त्या दिवशी मी चुरगळलेल्या युनिफॉर्ममध्ये कॉन्व्हेंटला जायची आणि सिस्टर मला वर्गाबाहेर उभं करायच्या. एकदा चिडून मी म्हणाले, "ही अंधश्रद्धा आहे." तू दही-पोह्यांचा वाडगा माझ्यापुढे सरकवलास. "असेल. खा." मग तू उंबऱ्यावर बसलीस, डोंगराकडे तोंड करून, हात मांडीवर रिकामे. बऱ्याच वेळानं, मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणालीस, "आपल्या घरचा धूर नसला की डोंगराचा कळतो. कुठे चाललाय ते दिसतं." त्या संध्याकाळी बाबा आले ते भुवया होरपळून. तू फक्त "आलात?" म्हणालीस आणि चुलीपाशी गेलीस. पहिली काडी पेटेना. दुसरी मोडली. शेवटी बाबांनीच तुझ्या हातातून काडेपेटी घेतली. तेव्हा मला वाटलं होतं, काड्या सादळल्या असतील.

आज मी सकाळपासून गच्चीत होते. समोरच्या फ्लॅटमधले काका नाकाला रुमाल लावून वर आले. "अहो ताई, तुमच्या लेकीला झाडं राखायचा पगार मिळतो ना? की जाळायचा जास्त मिळतो?"

"उन्हाळ्यात कुणाच्या विडीनं पेटण्यापेक्षा तिच्या हातानं पेटलेला बरा."

"वा. म्हणजे खोकून घ्यायची सोय आत्ताच."

आणि बोलता बोलता ते थांबले. इतका वेळ सरळ वर जाणारा धूर वाकला होता, आमच्याकडे. पट्ट्याच्या अलीकडे, घरांच्या बाजूच्या गवतात एक ज्योत उठली, मग तिच्या शेजारी दुसरी. हिरव्या डहाळ्या घेऊन माणसं तिकडे धावली. एवढ्या लांबून त्यातली आपली कोणती, ते ओळखू येईना. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. काकांनी रुमाल खिशात ठेवला. मग एरवी कधी काढला नसेल इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "खाली चला, ताई. चहा टाका. घोटभर घेईपर्यंत निवळेल."

"गॅस संपलाय," मी म्हणाले.

"मग आमच्याकडे टाकायला सांगू का?"

"नको."

आम्ही दोघं कठड्याला धरून उभे राहिलो. डहाळ्या वर जात होत्या, खाली येत होत्या. धुरात माणसं दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली, पुन्हा गेली. मग केव्हातरी ज्योती दिसायच्या थांबल्या आणि धूर हळूहळू सरळ झाला. फोन वाजला. "विझलंय, आई. काका ओरडतायत का फार?" मी फोन काकांच्या हातात दिला.

दुपारी ती घरी आली. मी आधी तिच्या भुवया पाहिल्या. शाबूत होत्या. "जिन्यात काका भेटले. म्हणाले, गॅस संपलाय. सिलिंडर बदलू?" "नको, पेटेल," म्हणत मी लायटर उचलला. खटका ओढत राहिले, पेटेना. तिनं तो माझ्या हातातून घेतला.

हे पत्र टाकू तरी कुठे? तुझा मला ठाऊक असलेला शेवटचा पत्ता ते क्वार्टरच होतं. पण एक सांगून ठेवते. तुझ्याकडे निदान कारण होतं. गॅसचा धूर होत नाही, आई, हे मला सकाळीही माहीत होतं.