आधी इथे भूमिका होती

१४ सप्टेंबर २०२४
पोचले एकदाची! मलावीतलं हे छोटंसं गाव आता सहा महिने माझं. लाल मातीच्या रस्त्यावर जीपने हाडं खिळखिळी केली, पण उतरले तर दवाखान्यासमोर बायका गाणं म्हणत उभ्या. एस्नात नावाची इथली दाई नाचतच पुढे आली आणि तिने मला मिठी मारली. इथे मोठ्या बाईला ‘आमायी’ म्हणतात. मी तिला तेच म्हटलं, तर सगळ्या खूश.
जेवायला न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि भोपळ्याच्या पानांची भाजी. दोनदा घेतली. खोलीला दोन खिडक्या, बाहेर आंबा. या खोलीत आधी आमच्याच संस्थेची भूमिका राहायची, नागपूरजवळच्या बुटीबोरीची. गेल्या वर्षी मलेरियाने गेली. नागपूरहून निघण्याआधी आमच्या संस्थेचे अध्यक्ष मनोहरराव बजावत होते, तिने गोळ्या घेतल्या नाहीत, तुम्ही तसं करू नका. आल्याआल्या पहिली गोळी घेतली.

२९ सप्टेंबर
रोज सकाळी बाळांची वजनं. झाडाच्या फांदीला काटा टांगायचा आणि बाळाला झोळीत बसवायचं. निम्मी रडतात, निम्मी माझे केस ओढतात. गावातल्या मुली शिकवतात त्या इथल्या शब्दांवर मीच हसते. आईला फोनवर म्हटलं, रामदासपेठेत नर्स म्हणून मला कुणी ओळखत नव्हतं, इथे कुत्रीसुद्धा ओळखतात.
आज भर दुपारी हापशावर पाणी भरताना मागून कुणीतरी म्हणालं, “काहून उशीर केला वं?” मी वळले. रांगेत गावातल्याच बायका. वऱ्हाडी बोलणारं इथे कोण? नागपूरची आठवण अशीही येते तर.

११ ऑक्टोबर
ऊन आपल्या मे महिन्यासारखं. एक म्हातारे आजोबा पाय दाखवायला आले आणि माझा हात धरून बराच वेळ बोलत राहिले. एस्नात अर्थ सांगेना. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, ते म्हणतात, बरी होऊन उठलीस, देव पावला.
मग तिने सगळंच सांगितलं. भूमिका गोळ्या घ्यायची, रोज, एस्नातच्या समोर. तरी ताप आला. त्या वेळी मनोहरराव पाहुण्यांसोबत इथेच होते. जिल्ह्याच्या इस्पितळात न्यायला जीप मागितली, तर ते जीप घेऊन सरोवर बघायला गेले. भूमिका शेवटपर्यंत “माय, माय” करत होती. परत आल्यावर त्यांनी घाईघाईने याच आंब्यामागे अग्नी दिला. लाकडं एस्नातने वाहिली. तिच्या आईला, शोभाताईंना, त्यांनी नुसता फोन केला.
शोभाताई अजून समजतात की चूक पोरीचीच.

१९ ऑक्टोबर
मनोहरराव आले. बॅनर, कॅमेरा, हार. जेवताना मी सरळ विचारलं, तिने जीप मागितली होती का? त्यांनी हात पुसले.
“ताप होता गं. ताप उतरतो. मला वाटलं, उतरेल.”
आणि भाजी चांगली झाली म्हणाले. स्वतः गोळ्या घेत नाहीत, मला डास चावत नाहीत म्हणतात. मी नर्स आहे, आग्रह करायला हवा होता. केला नाही. मले तो माणूस तापाने फणफणलेला बघायचा होता.
हे वरचं आत्ता वाचलं. ‘मले’ मी लिहिलं? आमच्या घरी कुणी असं बोलत नाही.

२६ ऑक्टोबर
एस्नात म्हणते, घरी जा. बाळांची वजनं घेताना मी कुणाशी तरी बोलते म्हणे, आणि ती भाषा तिने एकाच मुलीकडून ऐकलीय. मनोहररावांसोबतच परतीचं तिकीट काढलं. निघताना एस्नातने दोनदा निरोप घेतला. एकदा माझा. एकदा माझ्या खांद्यामागे बघून.

४ नोव्हेंबर, नागपूर
घरी. बरं वाटायला हवं.
आई विचारते, अशी गावठी कधी बोलायला लागलीस? मला ऐकूच येत नाही मी कशी बोलते ते.
आईसोबत इतवारीत भांडी घ्यायला गेले. मध्येच तिचा हात सोडून एका टेम्पोवाल्याला विचारत होते, बुटीबोरीले जातो का गा? आईने ओढून आणलं. मी बुटीबोरीला आयुष्यात गेलेली नाही.

९ नोव्हेंबर, दुपार
मनोहररावांचा फोन आला. थंडी वाजून ताप, उतरतच नाही. त्यांच्या पत्नी प्रेमिलाकाकू अमरावतीला. तू नर्स आहेस, लवकर ये.
दारातून पाहिलं आणि कळलं. डोळे पिवळे, दात वाजतायत. इस्पितळ पुढच्याच गल्लीत. म्हणाले, गाडी काढ. किल्ली हातात दिली. ते कपडे घालतायत आणि मी हे लिहीत बसलेय, काहून —

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
मी रस्त्यावर आहे. पर्समध्ये त्यांचा फोन. गाडीची किल्ली. घराचीही. बाहेरून कुलूप लावल्याचं आठवत नाही.
आठवतं ते एवढंच — मी जिन्यात बसले होते. मनोहरराव आतून दारावर हात आपटत होते. म्हणाले, “मयुरा, दार उघड.”
आणि माझं तोंड म्हणालं, “मयुरा नाही हाय जी इथं.”
बरं वाटलं. देवा, किती बरं वाटलं.
अजून वेळ आहे. परत जायला हवं, इंजेक्शन दिलं तर — पाय वळत नाहीत. माझं नाव मयुरा. रामदासपेठ. आईचं नाव लतिका. माझं नाव म

१० नोव्हेंबर
आता दारावरचा आवाज बंद झाला असंन.
मले जाळलं अन् मायले तोंडबी दाखवलं नाही. गोळ्या नाही खाल्ल्या म्हणे. त्यानं तरी कुठं खाल्ल्या.
बुटीबोरीत उतरलो. आमच्या गल्लीत नवीन नळ आले. पायरीवर बसून लिहून राहिलो. मयुरा आत रडून राहिली. तिलेबी तिची माय हाय, म्हणते. असंन. आता नाही सोडत मी. लय दूर होतो वं, लय दूर.
दार वाजवलं. चपलीचा आवाज आला. थकली माय. आतून विचारून राहिली, कोण हाय.
मी म्हणलं, माय, मी —